वर्षभराची शाळा

जयमालाला आधी दिसल्या त्या रिबिनी. सकाळी तिनंच बांधलेल्या, पुण्याहून येताना आठवणीनं आणलेल्या लाल रिबिनी, आणि त्या जमिनीपासून वीतभर उंचीवर हलत होत्या. शाळेच्या दारातून आत सरळ एक लांब कॉरिडॉर जात होता. त्याच्या मधोमध तिची लेक सलोनी ओणवी होऊन, दोन्ही हात एका फडक्यावर दाबून, लाकडी जमीन पुसत होती. एकटी. पाहुण्यांसाठीच्या सपाता तिला मोठ्या झाल्या असाव्यात, कारण पायात नुसते मोजे होते आणि ते गुडघ्यापर्यंत ओले झाले होते. आत्ता दहा मिनिटांपूर्वी मुख्याध्यापिका हायाशीबाई सावकाश, शब्द निवडून इंग्रजीत सांगत होत्या की इथं सकाळी जपानीत शिकवतात, दुपारी इंग्रजीत, वर्गात मोजकीच मुलं असतात, सलोनीनं आजचा दिवस बसून पाहावं आणि आवडलं तर सोमवारपासून यावं. जयमालानं तो बिनसाखरेचा हिरवा चहा संपवला होता, वाकून निरोप घेतला होता, दाराशी येऊन सँडल घातले होते. शाळा सुटेपर्यंत जवळपास चक्कर मारून यावी म्हणून अंगणात दोन पावलं टाकलीसुद्धा होती. अंगणात सकाळच्या पावसाचा चिखल होता. मग कुणास ठाऊक का, तिनं मागे वळून पाहिलं. पुढचं सगळं इतक्या भराभर झालं की नंतर कितीही आठवलं तरी मधले तुकडे सापडेनात. ती आत धावली, सलोनीच्या दंडाला धरून तिनं तिला उभं केलं आणि स्वतःला अनोळखी वाटेल अशा आवाजात ओरडली, "ऊठ! ऊठ आधी! कुणी सांगितलं तुला हे करायला?" सलोनीच्या हातातलं फडकं खाली पडलं. तेव्हा कुठे जयमालानं मान वर केली. कॉरिडॉरच्या पलीकडच्या टोकाला सगळा वर्ग उभा होता. दहा-बारा मुलं, प्रत्येकाच्या हातात तसलंच फडकं, आणि त्यांच्यात बाह्या सरसावलेली, घामेजलेली तरुण शिक्षिका, तिच्याही हातात फडकं. ती सगळी एका ओळीत पळत पुसत गेली होती. सलोनी नवखी म्हणून मागे राहिली होती, एवढंच. मग एक चष्मेवाली लहानगी ओळीतून बाहेर आली, जयमालाच्या मागे जाऊन बसली आणि दारापर्यंत उमटलेले तिच्या सँडलचे चिखलाचे ठसे एक-एक करून पुसू लागली.

जन्मात कधी पायातलं घालून ती कुणाच्या घरात शिरली नव्हती. पुण्याच्या घरी गॅसवाला चपला घालून ओट्यापर्यंत आला तरी तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या. आणि आज? शिक्षिका मात्र पुढे येऊन वाकली, पुन्हा पुन्हा वाकली, जणू चूक तिचीच होती. जयमालालाही वाकायचं होतं, पण मान लाकडासारखी ताठ झाली होती. तिनं सलोनीचे बूट उचलले, तिला ओढतच अंगणात आणलं आणि तिथं उभ्या उभ्या ओल्या मोज्यांवरच ते तिच्या पायात चढवले.

भुयारी गाडीत सलोनी समोरच्या काचेकडे पाहत बसली. नागोयातल्या त्या गाडीत तशीही सगळी माणसं तोंडाला कुलूप घातल्यासारखी बसतात. पण आजवर त्या शांततेत या दोघींचं मराठी मजेत चालायचं. कुणाला कळतंय, म्हणून समोरच्या आजोबांच्या टोपीपासून शेजारणीच्या पर्सपर्यंत सगळ्यांवर त्यांची मल्लिनाथी व्हायची आणि सलोनी तोंडावर हात धरून खिदळायची. आज ती गप्प होती. "पाय गार पडले का गं?" या प्रश्नाला तिनं मान हलवली, ती हो की नाही तेही कळलं नाही. जयमाला मनातल्या मनात स्वतःचं समर्थन करत राहिली. माझ्या मुलीला मी शिकायला पाठवणार, पुसायला नाही. परकी दिसते, सावळी दिसते, म्हणून तिला... पण सगळी मुलं पुसत होती हे तर तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. शिक्षिकाही पुसत होती. मग राग कशाचा? आणि मग, गाडी कुठल्याशा स्टेशनात थांबलेली असताना, तिच्या लक्षात एक गोष्ट आली आणि ती स्वतःशीच चपापली. त्या रिबिनी खाली हलताना पाहिल्यावर काळजात धस्स झालं होतं हे खरं. पण त्याच्याही आधी, अगदी एका श्वासापुरतं, तिला बरं वाटलं होतं. सुटले बाई, असं वाटलं होतं.

जूनमध्ये त्या दोघी आल्या तेव्हापासून हेच चाललं होतं. रविकांतला मोटारींच्या कंपनीनं वर्षभरासाठी बोलावलं होतं. तो सकाळी जाई तो सलोनी झोपल्यावर येई. घराजवळची सरकारी शाळा पाहिली, तिथं इंग्रजीचा गंध नव्हता. इंटरनॅशनल शाळा पाहिली, तिची बस पोरीला सकाळी उचलून संध्याकाळी आणून टाकणार. एका शाळेचं जेवण, एका शाळेचा जिना, काही ना काही निघायचंच. तोवर पुण्याहून आणलेली दुसरीची पुस्तकं होती. सकाळी केर-भांडी झाली की दोघी तातामीच्या चटयांवर बसत, कविता म्हणत, पाढे म्हणत, मग बाजारात जात, बाकावर बसून भाताचे त्रिकोणी गोळे खात. जयमाला दिवसभर बोलत असायची. इतकं ती पुण्यातही बोलत नव्हती. कंपनीनं राहायला दिलेल्या इमारतीत तिच्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. कचऱ्याच्या दिवशी जिन्यात भेटणाऱ्या बायका हसत, वाकत, आणि जाळायच्या कचऱ्यात तिच्याकडून चुकून पडलेली बाटली हळूच काढून वेगळी ठेवत. सात वर्षांची पोर हीच तिची मैत्रीण, शेजारीण आणि पुणे होती. ती शाळेत गेली तर त्या दोन खोल्यांत जयमाला कुणाशी बोलणार? आणि या शाळेत खोट काढायला काही सापडलंच नव्हतं. शेवटी ते फडकं सापडलं.

सगळे म्हणायचे, एक वर्ष तर आहे. रविकांत म्हणायचा, सासूबाई म्हणायच्या. रविवारी कार्डावरचा नंबर फिरवून पुण्याला फोन केला की जयमालाची आईही म्हणायची, "अगं, एक वर्ष तर आहे. हां हां म्हणता जाईल." आईच्या तोंडून ते वाक्य आलं की जयमालाचा हात रिसीव्हरवर घट्ट व्हायचा. हे वाक्य तिनं आईकडूनच पहिल्यांदा ऐकलं होतं, दहा वर्षांची असताना, कराडच्या एस. टी. स्टँडवर. वडिलांची बदली चांद्याला झाली होती. तिकडे शाळा बरी नाही, पोरीचं नुकसान नको, असा सगळ्यांनी मिळून विचार केला आणि तिला आत्याकडे ठेवून आईवडील धाकट्याला घेऊन निघून गेले. विचार चांगलाच होता; तिला तेवढं कुणी विचारलं नव्हतं. आत्या वाईट नव्हती. मारायची नाही, उपाशी ठेवायची नाही. फक्त पहिल्याच आठवड्यात तिनं बादली आणि फडकं पुढे ठेवलं आणि म्हणाली, "बाई गं, माणसानं कुठं राहायचं तर हातपाय हलवावेत." मग रोज शाळेआधी शहाबादी फरशीच्या तीन खोल्या. आत्याची मुलं पलंगावर पाय वर घेऊन बसायची आणि ती खालून फडकं फिरवायची. थंडीत फरशी इतकी गार असायची की गुडघे आपले नाहीतसे वाटायचे. वर्गात पहिली यायची ती, शाळा खरंच चांगली होती. वर्षानं आई न्यायला आली तेव्हा तिनं जयमालासाठी नवा फ्रॉक शिवून आणला होता, आणि तो अंगातच शिरेना. आई हसली, म्हणाली, "केवढी वाढलीस गं!" आणि मग जरा घाबरल्यासारखी तिच्याकडे पाहत राहिली. आईनं मागचीच मुलगी डोळ्यांपुढे ठेवून तो बेतला होता. फरशीचं जयमालानं तिला सांगितलं नाही. का नाही, तेही तिला कधी नीट समजलं नाही. आईनं विचारलं नाही, एवढंच. त्यानंतर तिनं आईला फारसं काहीच सांगितलं नाही. भांडण नाही, अबोला नाही, सगळं व्यवस्थित. लग्न ठरलं तेव्हा मुलगा आवडला का, हेसुद्धा आईनं मावशीकडून विचारून घेतलं. एका वर्षात काय होतं ते जयमालाला कुणी शिकवायची गरज नव्हती. पुण्याच्या घरी तिनं लांब दांड्याचं पुसणं घेतलं होतं आणि मोलकरणीलाही ती गुडघ्यांवर बसू द्यायची नाही. लोकांना तो चांगुलपणा वाटे.

रविवारी रविकांत घरी होता. दाढीचा फेस लावता लावता त्यानं सगळं ऐकून घेतलं, आणि ऐकताना त्याचा चेहरा प्लांटमधल्या मीटिंगमध्ये होत असेल तसा झाला. "जया, आमचे कातो-सान आहेत ना, डिपार्टमेंटचे हेड, ते रोज सकाळी स्वतःचं टेबल स्वतः पुसतात. मीपण पुसतो. इट्स नॉर्मल हिअर."

"तुम्ही पुसा. तुम्हाला कुणी ओढून नेलं नव्हतं."

"सलोनीला कुणी ओढलं होतं?"

ओढलं होतं, पण ते आपण. हे ती बोलली नाही. तो आरशातूनच म्हणाला, "हे बघ, एक वर्ष तर आहे. तिला घरी ठेवायचंय का तुला? तसं सांग, मी फोर्स करणार नाही. पण काहीतरी डिसाइड कर. हायाशी-सानना उद्या कळवायला हवं." माणूस समजूतदार होता, त्यात शंका नाही. समजूतदार माणसांशी भांडताही येत नाही, हीच त्यांची मोठी अडचण असते. जयमाला पोह्यांच्या ऐवजी आणलेल्या कसल्याशा कुरमुऱ्यांना फोडणी घालायला आत वळली, आणि तिथून तिला सलोनी दिसली. दारापासून न्हाणीघरापर्यंत त्या घरात एक चिंचोळी वाट होती, चार ढांगांची. सलोनीनं ओट्यावरचं फडकं घेतलं होतं. ती दाराशी ओणवी झाली, हात टेकले, मागचा भाग उंच केला आणि सुसाट पुसत न्हाणीघरापर्यंत गेली. तिथं थांबली, बाजूला पाहिलं, दुसऱ्या बाजूला पाहिलं. शर्यतीत बरोबर कोण आलं, मागे कोण राहिलं, ते पाहावं तसं. मग कुणीच नाही म्हटल्यावर फडकं उलटं करून पुन्हा तिथूनच सुरुवात केली. अशी ती कितीतरी वेळ एकटीच शर्यत लावत होती. तिनं आवाजसुद्धा केला नाही. फोडणी जळाली तेव्हा जयमाला भानावर आली. तीन महिने पोर आपल्याबरोबर किती मजेत आहे असं ती समजत होती. पोर आईला सोबत करत होती.

दुपारी सुप्रभाताई आल्या. त्या शाळेचं नाव त्यांनीच सुचवलं होतं. त्यांची रेन तिथं चौथीत होती. मूळच्या त्या ठाण्याच्या. जपानी नवऱ्याशी लग्न करून त्यांना इथं पंधराएक वर्षं झाली होती, आणि आता त्यांचं मराठी पंधरा वर्षांपूर्वीचंच राहिलं होतं, जुन्या पेटीत जपून ठेवल्यासारखं. हायाशीबाईंनी त्यांना फोन केला असणार, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. येताना फणसाच्या गऱ्यांचा बंद डबा आणला, रेनला सलोनीकडे पाठवलं आणि म्हणाल्या, "अगं, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मलाही कसंतरीच झालं होतं. आमच्याकडे पाटलीणबाई यायच्या ना कामाला, त्यांचीच आठवण आली. पण ही मुलं ते खेळतात गं. सकाळी शाळा भरली की गाणं लागतं आणि सगळी निघतात पुसत."

जयमाला म्हणाली, "मी पायातल्यासकट आत गेले सुप्रभाताई."

"कळलं," सुप्रभाताई म्हणाल्या, आणि मग एकदम हसल्या. "मी माझ्या सासूच्या तातामीवर सूटकेसची चाकं फिरवली होती. अजून सगळ्या नातेवाइकांना सांगतात त्या."

आतून रेनचा आवाज आला. काहीतरी लांबलचक, जपानीत. सुप्रभाताईंनी मराठीत उत्तर दिलं, "डबा तिथंच असेल बघ, सलोनीला दे आधी." पुन्हा जपानी. पुन्हा मराठी. दोघींना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. जयमाला मात्र याच गोष्टीला भीत होती. हेच. हेच तर. तिनं आवाज खाली आणला. "ती तुमच्याशी मराठी बोलतच नाही?"

"कळतं सगळं. बोलत नाही."

"तुम्हाला वाईट नाही वाटत?"

सुप्रभाताईंनी कपाचा कान उगाच इकडेतिकडे फिरवला. "वाटतं की. आई गेली तेव्हा ठाण्याला नेलं होतं हिला. सगळे रडत होते आणि ही मला जपानीत काहीतरी विचारत होती. मला आधी ते ऐकूच आलं नाही. परक्या बाईचं मूल वाटलं क्षणभर." मग कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "पण शाळेतून आली की दप्तरसुद्धा न काढता सगळं सांगत सुटते बघ. कोण काय म्हणालं, कुणी कुणाला ढकललं. जपानीत तर जपानीत. मला सांगते ना." जयमालाला चांद्याहून आलेल्या आपल्या आईचा चेहरा आठवत होता, आणि मराठी तर दोघींचंही स्वच्छ होतं.

जाताना सुप्रभाताईंनी सांगितलं की शाळेत प्रत्येक मुलाला घरून फडकं न्यावं लागतं, दुमडून हातानं शिवलेलं. दुकानात मिळतं, पण आईनं शिवलेलं बरं दिसतं. त्या गेल्यावर जयमालानं कपाटातून आपली जुनी सुती साडी काढली, वर्षानुवर्षांच्या धुण्यांनी मऊ झालेली, निळ्या काठाची. तिच्यातून दोन चौकोन फाडले, त्यातल्या एकाचे चार पदर केले आणि गोधडीला घालतात तसे धावते टाके घालायला बसली. सलोनी जवळ येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत राहिली आणि मग तिनं त्या दिवसानंतर आपणहून पहिल्यांदा तोंड उघडलं. "आई, काठ बाहेरच्या बाजूला ठेव."

सोमवारी शाळेच्या दाराशी पोचल्यावर जयमालानं सँडल आधीच काढून हातात घेतले. वाटभर तिनं जपानीतलं माफीचं वाक्य घोकलं होतं. हायाशीबाई आतून येताना दिसल्या. सलोनीनं आपले बूट काढले, सुप्रभाताईंनी दिलेले रेनचे जुने, शाळेच्या आत घालायचे बूट घातले, फडक्याची पिशवी खांद्याला लावली आणि वळून, हळू आवाजात, जिन्यातल्या जपानी बायका बोलतात तितक्या सौजन्यानं म्हणाली, "आई, तू आत नको ना येऊस." मग आईच्या हातातल्या सँडलकडे पाहून म्हणाली, "काढलेस तरी नको." आणि गेली. त्या रिबिनी लांब कॉरिडॉरमधून वर्गाच्या दारात वळेपर्यंत दिसत होत्या. त्या एकदाही मागे वळल्या नाहीत. जयमालानं उंबऱ्याबाहेरूनच हायाशीबाईंना आपलं वाक्य म्हणून दाखवलं. हायाशीबाई वाकल्या. तीही वाकली. या वेळी मान वाकली, पण मग वर यायलाच तयार होईना, कारण डोळ्यांतलं पाणी हायाशीबाईंना दिसलं असतं.

घरी आल्यावर तिनं सवयीनं म्हटलं, "चला, आता हातपाय धुऊन..." आणि ते वाक्य त्या दोन खोल्यांत तसंच राहिलं. घड्याळाची टिकटिक एवढी मोठी आहे हे तिला आज कळलं. तिनं दुसरीची पुस्तकं एकावर एक रचली, पुन्हा पसरली. खाली सायकलींच्या घंटा वाजल्या, कुणी बाई कुणाला तरी हाक मारत होती, आणि त्या हाकेतलं एकही अक्षर तिच्यासाठी नव्हतं. काही खावंसं वाटेना. कराडला पहिल्या दिवशी असंच झालं होतं. तेव्हा तिला वाटलं होतं की एकटं पडतं ते मूल. मागे राहिलेल्या आईचं चांद्याच्या त्या क्वार्टरमध्ये काय झालं असेल, असा विचार तिच्या मनात इतक्या वर्षांत एकदाही आला नव्हता. आता आला, आणि रिसीव्हर उचलावा असं वाटलं, पण पुण्यात त्या वेळी पुरतं उजाडलंही नव्हतं. मग तिनं फडक्याचा दुसरा चौकोन घेतला. बादलीत पिळला. दाराशी गुडघे टेकले, आणि कराडनंतर पहिल्यांदा ती हातानं जमीन पुसू लागली. जमीन थंड नव्हती. गुडघे मात्र लगेच बोलू लागले.

परतीच्या गाडीत सलोनी दमून तिला टेकून बसली. विचारावं की नाही, जयमालाला ठरवता येईना. विचारलं आणि पोर पुन्हा गप्प झाली तर? त्याऐवजी तिच्या तोंडून भलतंच निघालं. "मीपण पुसायचे. लहान असताना. आत्याआजीकडे राहायचे ना वर्षभर, तेव्हा."

सलोनीनं मान वर केली. "शर्यत लावून?"

"नाही. एकटीच."

"तुझ्या आईला माहीत होतं?"

"नाही."

"तू सांगितलं नाहीस?"

"तिनं कधी विचारलं नाही."

सलोनी जरा वेळ आपल्या फडक्याच्या ओल्या पिशवीशी चाळा करत राहिली. मग अगदी साधी गोष्ट सांगावी तसं म्हणाली, "मग तू मला विचार ना."

जयमालानं विचारलं. आणि सलोनी सांगत सुटली, तोंडावर हात न धरता, त्या मुक्या गाडीत खणखणीत आवाजात. चष्मेवालीचं नाव, कोण कॉरिडॉरमध्ये पहिलं आलं, निळ्या काठाला सगळ्यांनी हात लावून पाहिला. सांगता सांगता मधेच एक जपानी शब्द आला, मग दोन, मग अख्खं वाक्य. तिचं तिला कळत नव्हतं. जयमालाला त्यातलं निम्मं समजलं नाही. तिनं एकाही शब्दाचा अर्थ विचारला नाही, पोरीला मधे थांबवलं नाही. ती फक्त हूं, हूं करत राहिली.